धाकटीचं तोंड

कस्टमच्या खिडकीत सारखा चष्मा पुसत बसणाऱ्या साहेबांना,

रागावू नका, पण तुमच्यापुढे डोकं आपटून कपाळाला टेंगूळ यायची वेळ आलीय. त्या पार्सलमध्ये नशेची पूड नाही हो! जस्ताची पांढरी पूड आहे, पिवळी नि तांबडी माती आहे, मेण आहे. लहानपणी माझा चेहरा भाजला. डाग झाकायचं मलम मी घरीच घोटते, पण त्याचा रंग जुळवायची परदेशातली माझी ताई, स्वतःच्या गालावर लावून बघत. माझा मूळ रंग तिच्याच चेहऱ्यावर उरला होता. मी पडले धांदरट, म्हणून ताई सगळं मापानं मिसळून, डबीत भरूनच पाठवायची. आणि डबीवर नाव काय, तर 'धाकटीचं तोंड'. "हे कुठलं रसायन?" असं तुम्ही विचारलंत, मला हसू आवरेना, आणि तुमचा पारा चढला.

"पाठवणारीकडून लेखी खुलासा आणा, नाहीतर माल परत जाईल."

साहेब, पार्सल टाकलं त्याच आठवड्यात ताई गेली. तिच्या घराला कुलूप आहे. हे तुम्हाला कळवलं, तर डबी त्या कुलपाशी जाऊन पडेल. मग रंग कुणाच्या गालावर जुळवू?

म्हणून हे पत्र माझ्या पिशवीतच राहणार. उद्या तुम्ही विचाराल, "काय बाई, आलं का बहिणीचं उत्तर?"

मी म्हणेन, "येईल, साहेब. ताई जरा कामात आहे."

रोज रांगेत दिसणारी,
धाकटी