मागाहून ठेवलेलं नाव

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यावर रागवायचाही कंटाळा येतो. तरी लिहिते आहे.

संस्थानच्या शाळेत तुम्ही मास्तर. पुण्याहून मासिक आलं की आमच्या जव्हारच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मोठ्याने वाचायचात. त्या दिवशी आई नागलीची भाकरी भाजते आहे आणि तुम्ही वाचता आहात: मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये कुणा जर्मन माणसाला एक इवलासा ग्रह सापडला. आधी त्याला नुसता आकडा दिला होता. काही वर्षांनी त्याने आपल्या मुलीचं नाव त्याला ठेवलं. शोधणाऱ्याचा तो मानच असतो, असं तुम्ही कौतुकाने सांगितलंत.

आई भाकरी उलटायची थांबली. "म्हणजे मागाहूनही नाव ठेवता येतं?"

"येतं की."

"मग आपल्या तान्हीला ठेवा ना एखादं."

माझी धाकटी बहीण बारशाच्या आदल्या दिवशी गेली होती. पाळणा बांधून तयार होता. तुम्ही मासिक मिटलंत. "गेलेल्यांचं बारसं करत नाहीत. काहीतरीच बोलू नकोस." करपलेली भाकरी आईने आपल्याच ताटात घेतली. मला तेव्हा काही वाटलं नाही. आजही फारसं वाटत नाही, नुसतं दिसत राहतं.

परवा बाजारात जामसरची म्हातारी भेटली, तान्हीला न्हाऊ घालायला यायची ती. म्हणाली, "शुकरीचे मागं तुझे आईला दुसरं झालाच नाय ना?"

"कोण शुकरी?"

"तुझी बहीन. शुक्करवारची ना ती? आमच्यात वारावरनं लगेच नाव पडतं. मीच हाक मारली पयली. मंग तुझी आय पन मारायची, मास्तर शाळेत गेला का."

शुक्र म्हणजे ग्रहच की, अण्णा. तोही नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. म्हणजे त्या दिवशी आईकडे नाव होतं. तिला ते तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, एवढंच.

आई अजून आहे. आत पडून असते. मला नाव कळलं आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पहिल्यांदा हेच विचारेल, की हे तुला अण्णांनी सांगितलं का. आणि मी हो म्हणेन, असं मला वाटतं.