अल ऐनच्या खजुराचं मखर

अल ऐन, रविवार

ती. जगनमामांस,

इथून कोलाडपर्यंत पोचेल असा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आणि खानावळीची शेगडी, दोन्ही कुरकुर न करता चालत असतील अशी आशा. (गुडघ्याची चौकशी आधी केली, हे मामींना सांगावे.)

पेणहून माघी गणपतीची मूर्ती मांडीवर घेऊन मी आपल्या भाचीकडे, मृणालीकडे, सुखरूप पोचलो. वाळवंटातलं शहर म्हणून नाकाला रुमाल बांधायच्या तयारीने आलो, तर इथे खजुराच्या वाड्याच वाड्या. 'ऐन' म्हणजे झरा. डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या पाटांनी आणायची युक्ती इथे हजारो वर्षांची. त्या पाण्यासाठी उंटांचे तांडे थांबत, मग राखणीला मातीचे किल्ले आले. वाडीत पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि भांडण नाही. (निदान मला दिसलं नाही. गडबला बांधाच्या उघाडीवरून, म्हणजे पाणी सोडायच्या दारावरून, काय चालतं ते आपण जाणताच.) इमारतीही बुटक्याच. शहराला कसली घाई नाही.

घाई मला होती, मखराची. शेजारच्या वाडीचा राखणदार आपल्या रोह्याचा अब्दुल. "लागंल ते तोडा," म्हणून तो नमाजाला गेला. फळाचं नुकसान नको म्हणून मी विचारपूर्वक, जुन्या घडाची एकही खूण नसलेलं झाड शोधलं आणि त्याच्या सगळ्या पोयी, म्हणजे फुलांचे तुरे, उतरवल्या. मखर देखणं झालं. प्रसादाला आलेला अब्दुल मात्र दारातच थिजला.

"दादा, ह्यो वाडीतला एकलाच नर हाय! आता बाकीच्यांना फळ काय तुमी धरवनार?"

आपल्या माडाचा नर-मादीचा संसार एकाच पोयीत. इथे नराची फुलं माणसाने मादीच्या घडात बांधावी लागतात, हे मला कुठून ठाऊक? फळ धरलं नाही तर मालक अब्दुलला घरी धाडणार.

मृणाली म्हणाली, "बाप्पा बसलेत, मखर मोडायचं नाय."

"नको मोडू गो, सुकू दे," अब्दुल म्हणाला. " फुलाची पूड सुकलेलीच चालते. फक्त पंखा लावू नको."

पंखा सकाळपासून गरगरत होता. सोफा पिवळा, भावोजी शिंकून बेजार. विसर्जनानंतर आम्ही सोफा चादरीवर झटकला आणि अब्दुलने ती पूड पुडीत भरली. निम्म्या झाडांना पुरेल म्हणतो. चूक माझी की माझ्या काळजीची, हे रोजनिशीत पानं भरूनही ठरलेलं नाही.

आपला,
नितेश

ता. क. : आपल्याला गल्ल्यावर भरवशाचा माणूस हवा होता ना? अब्दुलची नोकरी गेली तर त्याला ठेवून घ्याल का?

आणखी एक : वरची ओळ अब्दुलला वाचून दाखवली. त्याने शिडी उतरवून ठेवली आहे. "मामा पगार काय देतात ते कळू द्या, मग झाडा बांधायची का नाय ते बघतो," म्हणतो. म्हणून पत्राचा फोटो पाठवतो आहे. कृपा करून आजच नकार कळवावा.