नसीमआपांचं परसों

शुक्रवार, संध्याकाळ

आठवडाभर पेपरात एकच बातमी, पाइप फुटला, पाणी येणार नाही. आणि शेजारच्या नसीमआपा मला सहज म्हणतात, "पानी परसों आया था." परवा? परवा मी दिवसभर घरीच होते, नळ कोरडा ठाक! म्हणजे यांच्याच नळाला येतं की काय? त्यांची मोटार ऐकू येते का म्हणून अंगणातल्या भिंतीला कान लावून बसले. तिकडं दूध उतू गेलं.

आज म्हणाल्या, "अब्बा परसों गुजर गये." माझे डोळेच भरले. तर म्हणे सहा वर्षं झाली! इकडं परसों म्हणजे मागं कधीतरी. साताऱ्याहून नवी आलेली मी, मला काय ठाऊक?

शरमून भिंतीचं सांगून टाकलं. आपा हसल्या. "मैं गच्ची से देखी थी. जाने दो, वो भी परसों की बात."