चार पार्क, एक रविवार

मंगळवार, ४

वृद्धांच्या केंद्रातून फोन. जागा झाली आहे, ह्यांना सोमवारी घेऊन या. मी "बरं" म्हटलं आणि ठेवला. बरं! चाळीस वर्षांचा संसार, आणि तोंडातून निघालं काय, तर बरं.

हे समोरच बसून शर्टाची बटणं लावत होते. लावत होते, काढत होते.

बुधवार, ५

ठरलं. रविवारी ह्यांना चारही थीम पार्कांत न्यायचं. चारही ठिकाणचे आकाशपाळणे ह्यांनी फिटर असताना स्वतःच्या हातांनी उभे केले. मी ते खालूनच बघितले.

गाडी ताईची. ती किंचाळलीच — "चार? एका दिवसात? अगं, तरणीताठी पोरं एकातच लोळागोळा होतात!"

पण दुसरा रविवार आहे कुठे हातात? शिवाय आज पाहिलेलं उद्या ह्यांच्या डोक्यातून पुसलेलं असतं. एकाच दिवशी चारही दिसले, तर एकाला एक जोडून काहीतरी हाती लागेल. डॉक्टर म्हणाले, "तसं काही होत नसतं, बाई." नसेल.

शुक्रवार, ७

नऊला पहिलं. साडेअकराला दुसरं. जेवण गाडीतच. दोनला तिसरं, साडेचारला चौथं. फक्त पाळणा — बाकी कशाकडे ढुंकूनही बघायचं नाही. फाटकापासून किती चालावं लागेल, ते चारही ठिकाणी फोन करून विचारलं. एकाने विचारलं, "लहान मुलं किती?" म्हटलं, एकच.

शनिवार, ८

आज मला ह्यांच्या आईच्या नावाने हाक मारली. दोनदा. दोन्ही वेळा ओ दिली.

बॅग भरली. केंद्रात प्रत्येक कपड्यावर नाव हवं म्हणे, तेही दोऱ्याने घातलं. सातव्या शर्टाला रडू आलं, मग आठवा घेतला.

रविवार, ९

संध्याकाळ. पाय सुजलेत.

पहिल्या पार्कात गर्दी बघून ह्यांनी कानांवर हात ठेवले, गाडीतून उतरेचनात. दुसऱ्यात पाळणाच नाही! कधीच मोडीत काढला, तिथे आता पाण्याची घसरगुंडी. फोनवरची मुलगी तर "फाटकाजवळच आहे" म्हणाली होती. तिसऱ्यात रांगेत उभे असताना ह्यांची पँट ओली झाली. मागची माणसं सरकली. ताई गाडीतून चादर घेऊन आली. मी म्हटलं, पुरे, घरी चला. तीच म्हणाली, "एक राहिलंय. चल."

चौथ्यात बसलो. दोघंच. वर गेल्यावर हे एकदम शांत झाले, नीट बोलू लागले.

"बाई, तुम्ही भल्या दिसता म्हणून सांगतो. आमची ही फार दमलीय. मला कुठेतरी सोडायला हवं, पण तिचा जीव धजत नाही. तुम्हीच न्या मला. ती बरोबर असली तर माझा पाय निघायचा नाही."

म्हटलं, "अहो, मीच ती."

"छे हो!" हसले. "तिला उंचीची भीती. ती कशाला इथे बसतेय!"

खरंच की. भीती वाटायची मला. आज ती आठवलीसुद्धा नाही.

नाही पाठवणार. सकाळी फोन करून सांगते, जागा दुसऱ्या कुणाला द्या. होईल तसं होईल.

सोमवार, १०

सकाळी उठले, तर हे बूट घालून, बॅग घेऊन दारात उभे. कालचं काही न आठवणारे हे! दबक्या आवाजात म्हणाले, "चला बाई. ही आत झोपलीय. ती उठायच्या आत निघू."

निघालो.

केंद्राच्या दारात माझा हात हातात घेतला. "आमच्या हिला सांगा, मी मजेत आहे."

सांगते म्हटलं.