हळू आवाजातलं 'पुन्हा'

प्रिय ताई,

भावजींचा गुडघा कसा आहे, भाचीची परीक्षा कशी गेली, सगळं विचारायचंय, पण नंतर. आधी हे वाच, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत मी मूळ मुद्दाच गिळून टाकीन. मला तू ओळखतेसच.

शिंपीकाकांच्या दुकानामागची खोली आठवते ना? कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून आपण कविता ऐकवायचो आणि काकांचं मशीन बाजूला चालूच असायचं. तू पहिल्यांदा उभी राहिलीस आणि पहिल्याच शब्दावर अडलीस. जीभ हलेना, डोळे घट्ट मिटलेले, ओढणीचं टोक मुठीत, कान लालेलाल. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेव्हा काका, चुकलेली शिवण उसवताना स्वतःशी पुटपुटायचे तसंच, मान वर न करता म्हणाले, "पुन्हा." तू परत सुरुवात केलीस आणि शेवटपर्यंत गेलीस. मग ती रीतच पडली. कुणी अडलं की सगळे हलकेच पुन्हा म्हणायचे. बोलताना अडखळतेस म्हणून पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी तू, तिथे मात्र तुला आवरावं लागायचं.

आता त्या बैठकीचं नावच 'पुन्हा' आहे. मोठं सभागृह, तिकिटं, टीशर्टवर छापलेला शब्द. कुणी अडलं की पोरं फोन उगारतात आणि अख्खं सभागृह ओरडतं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मलाही भारी वाटलं होतं. पण हल्लीचे कलाकार पक्के तयारीचे, कुणी अडेचना! मग कुणी कुठे अडायचं ते आयोजक ठरवून द्यायला लागले आणि शिकवायचं काम माझ्याकडे आलं. डोळे घट्ट मिटायचे, ओढणीचं टोक मुठीत धरायचं, मान थोडी डावीकडे. ताई, मी ते फार छान शिकवतो.

काका एकदा येऊन गेले. गर्दी ओरडली तसे दचकले. एवढ्या मोठ्यानं म्हटल्यावर त्या बिचाऱ्याचा धीर होईल का रे, असं त्यांनी विचारलं. मी हसण्यावारी नेलं.

परवा आयोजक म्हणाले, वर्धापनदिनाला काहीतरी खरं हवं. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, बोलून गेलो, "माझ्या ताईला बोलवा. तिला शिकवावं लागणार नाही." सगळे खूश झाले. मीही झालो, तेच आता मला सहन होत नाही. तुला त्यांचा फोन येईल. गाडी पाठवतो म्हणतील, तुमच्या कविता ऐकायच्यात म्हणतील. तू हरखून हो म्हणशील, म्हणून हे घाईनं लिहितोय. कवितांचं त्यांना काही पडलेलं नाही गं, ते तू अडायची वाट बघत बसणार आहेत. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण येऊ नकोस. खरं तर नकार मीच द्यायला हवा. त्यासाठीच आज सकाळी आयोजकांसमोर जाऊन उभा राहिलो आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. उद्या पुन्हा जातो.

तुझाच,
धाकटा