सूपभर नागलीची कमू

मोखाडे, आश्विन शुद्ध १३, शके १८३३

ती. गोदाक्कास, धाकट्या राघोचा शि. सा. न. वि. वि.

शाळा बरी चालली आहे. निम्मी मुलं रानात, निम्मी वर्गात, आणि मास्तर म्हणून मी एकटा सदा हजर. पायाला नारू झालाय, त्यामुळे पळूनही जाता येत नाही.

कमू सहा वर्षांची झाली तरी वेणी घालू देत नाही म्हणतेस. तिला हे मोठ्यानं वाचून दाखव. कमूबाई, तुझ्या आधीची दोन भावंडं हाती लागली नाहीत, म्हणून तुला जन्मताच सुपात घालून दाभोशाच्या सुकरी सुईणीला देऊन टाकलं. तिनं सूपभर नागली ओतून तुला घेतलं. माझी अक्का आणि दाजी नुसते सांभाळणारे. फार हट्ट केलास तर खरी आई हक्कानं घेऊन जाईल हो!

भाऊबीजेला अक्काचं लुगडं घेऊन येतो. दाजींस नमस्कार. लोभात वेणीच्या पेडाएवढीही तूट नसावी.

राघो

जव्हार, आश्विन वद्य ३

चि. राघोस अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लाव. कमू काल बाजाराच्या दिवशी दुपारपासून घरात नाही! विहिरीत गळ टाकून पाहिला. दरबारचे शिपाई शिरपामाळापर्यंत जाऊन आले. घरचे कचेरी सोडून रानोमाळ हिंडताहेत. परवाच झऱ्यावर बिबळ्या येऊन गेला म्हणतात.

तुझं पत्र ऐकून पोर किती हसली होती रे! मग परकर नि बाहुली फडक्यात बांधत होती. मला वाटलं, खेळतेय. काही सुचत असेल तर कळव. मला काही सुचत नाही.

गोदा

मोखाडे, आश्विन वद्य ४

ती. अक्का,

फडक्याची ओळ वाचली आणि तसाच लिहायला बसलो. ती खेळत नव्हती गं! दाभोशाला सुकरीकडे माणूस धाडा, आत्ताच्या आत्ता. हा पाय नसता तर मीच धावलो असतो. हरकाऱ्याला वाटेत बसू नकोस म्हणून बजावलंय. पोर सापडली की मला पोटभर शिव्या दे, पण आधी माणूस धाड.

राघो

जव्हार, आश्विन वद्य ७

चि. राघोस उदंड आशीर्वाद.

सापडली! सापडली रे, सुकरीकडेच! नागलीची भाकरी खाऊन गालांवर बाळसं चढलंय चक्क!

एक गोष्ट तुला लिहायची लाज वाटली होती. पत्र ऐकून तिनं विचारलं होतं, सुकरी खरी आई का. माझे हात पिठात. मी चेष्टेत म्हटलं, होय बाई, जा तिच्याकडे. दाभोसा इतका लांब, पोर एकटी तिथं जाईल असं वाटलंच नाही, पण ती गेली. बाजारातून दाभोशाला परतणाऱ्या बायांना तिनं सांगितलं, मी सुकरीची. सुपाच्या दिवशी त्या आपल्या अंगणातच होत्या, त्यांना खोटं कसं वाटावं? आळीपाळीनं कडेवर घेऊन त्यांनी तिला पाड्यावर पोचवलं. तिथं नवल एवढंच, की पोर यायला इतकी वर्षं का लागली. सुकरी पुढच्या बाजाराला तिला घेऊन येणारच होती. लेक आईकडे गेली तर इथं कुणी घाबरेल, हे तिच्या मनातही आलं नाही.

बाळंतपण सोडलं तर घरच्यांनी कधी सुकरीला अंगणाच्या आत घेतलं नव्हतं. तेच तिच्या ओसरीवर बसले आणि सूपभर नागली पुढं ठेवली, पोर परत द्या म्हणून. तिनं सूप मागं सारलं. म्हणाली, सूप उलटं फिरवलं तर पोर जगत नाही. माझीच राहू द्या, सांभाळा तुम्ही.

घरच्यांनी दोघींनाही आणलं. काल सुकरी माजघरात माझ्या शेजारी जेवली आणि कमूनं तिच्याकडून निमूट वेणी घालून घेतली. मी बघत राहिले. पाच दिवस पोर नव्हती तर मी वेडी व्हायची राहिले. हिनं सहा वर्षं कशी काढली असतील रे?

भाऊबीजेला दोन लुगडी आण. तिला भाऊ नाही. लोभ आहेच तुझा, तो आता आम्हा दोघींवर ठेव.

गोदा