टोपीवाल्यांची पिसं

३ मार्च

हो, बोक्याचंच काम! दुसरं कोण असणार? सकाळपासून तिघांना हेच सांगून झालं. आधी सुनेला, मग दूधवाल्याला, मग खुद्द बोक्याच्या मालकाला.

लिंबाच्या झाडाखाली पिसांचं गोल रिंगण पडलंय. पिवळी पिसं, थोडी काळी. मधे रक्ताचा एवढासा ठिपका आणि एक पाय. पाय तेवढा शाबूत!

यंदाचा पहिला टोपीवाला होता तो. कालच आला. डोक्याला काळी टोपी, पोट पिवळंधमक, जसा काही लग्नाला निघालाय. खणात बसून एकटाच दाणे फोडत होता. हा खण ह्यांच्या टेबलाचा. हे गेल्यावर मी ओढून काढला, चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधल्या आणि फांदीला टांगला. हे असते तर माझं थोबाड रंगवलं असतं. आता या म्हणावं रंगवायला!

सून म्हणाली, आई, कोणता पक्षी कधी आला ते लिहून ठेवा. म्हणून ही वही. म्हटलं, आलेले लिहू की मेलेले?

५ मार्च

घड्याळजी कुंपणाशी आले. शेजारीच राहतात, बोका मुकादम त्यांचाच. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, स्वतःच्या घरातलं एक वेळेवर चालत नाही. बायको गेल्यापासून मान वर करून बघितलं नव्हतं कुणाकडे. आज तोंड लालबुंद!

"आमचा मुकादम असलं करत नाही. पुढ्यात मासा ठेवला तरी हुंगून सोडतो."

म्हटलं, "मासा पळत नाही ना, घड्याळजी. त्याला पळणारं लागतं. तुमच्यासारखा बसून खाणारा नाही तो."

कुंपणाची फळी अशी आपटली की खिळाच उडाला. मला बाई इतकं हसू आलं! आत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

६ मार्च

सहा टोपीवाले!

आणि भोरड्या पण. नुसता धिंगाणा. त्यांतल्या एका दांडगीला मी सासूबाई म्हणते. खणाच्या काठावर उभी राहते आणि येईल त्याच्या डोक्यात चोच घालते. आज एका टोपीवाल्याचा डोळाच फोडला. तो भिरभिरत खिडकीवर आदळला, धप्पकन खाली. उचलला तर हातात गरम. धडधड, धडधड, आणि मग काहीच नाही.

सून रडली. मी कुंडीत पुरला. माझ्या खऱ्या सासूबाईंनी उलथन्यानं माझा कान फाडला होता, तेव्हा कुणी रडलं नव्हतं.

८ मार्च

पुन्हा रिंगण. या वेळी पायही नाही.

९ मार्च

घड्याळजी दोनदा आले. सकाळी भांडायला, संध्याकाळी उरलेलं भांडायला. दाढी केलेली! गालाला साबण तसाच.

"तिनं वाढवलाय त्याला," म्हणाले. "कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून. तिचं चालतंबोलतं तेवढंच राहिलंय घरात."

पण जीभ कुठली गप्प बसायला!

"मग बांधून ठेवा."

"मांजर बांधतं का कुणी?"

"नवरे बांधून ठेवतात बायका. मांजराचं काय एवढं!"

हसू आलं होतं त्यांना. दात दिसले. मग आठवलं की भांडायला आलोय, तर वळून चालते झाले.

११ मार्च

मुकादमाच्या गळ्यात घंटा! गजराच्या घड्याळातली छोटी वाटी काढली, आत लोखंडी मणी सोडला आणि कातडी पट्ट्यात ओवली. काय कारागिरी! मुकादम रस्त्यानं ठणठण करत हिंडतोय, मोठा साहेब आल्यासारखा.

म्हटलं, "आता किती वाजले ते पण सांगेल का?"

"सांगेल की. आणि निर्दोष आहे तेही सांगेल."

१२ मार्च

रिंगण. सगळ्यात मोठं.

घड्याळजी कुंपणाशी, ओठ पांढरे. "मी सकाळपासून पायरीवर बसलोय. घंटा वाजली नाही. एकदाही वाजली नाही!"

मी म्हटलं, "शहाणा आहे तो. पंजानं घंटा धरून येतो."

थट्टा केली हो! मांजर चालेल कसं घंटा धरून? पण माणूस बायको गेल्यापासून कुणाशी थट्टामस्करीनं बोललेलाच नाही. त्याला खरंच वाटलं. वळून आपल्या घराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हरामखोर बोका."

आवाज हळू होता म्हणून जास्त लागला. ह्यांचाही मारायच्या आधी असाच खाली जायचा.

१३ मार्च

भिंतीपलीकडून कमरेच्या पट्ट्याचे फटके. मांजराचं किंचाळणं. प्रत्येक फटक्याला घंटा.

सून म्हणाली, "आई, नका हो त्यांना चिडवू."

"चिडवते कुठे? बोलते."

"तुमचं बोलणं म्हणजेच चिडवणं."

दुपारी घड्याळजी दारात. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले, मांस दिसत होतं एका ठिकाणी. मी पाट दिला, आयोडीन लावलं. झोंबत होतं तरी हात मागे घेतला नाही. जाताना म्हणाले, "तुमचे पाहुणे सांभाळीन मी. शब्द देतो."

मी म्हटलं, राहू द्या. पण फार जोरात नाही म्हटलं.

१६ मार्च

अक्षर बघा कसं आलंय.

भर दुपार. पिसं अजून हवेत तरंगत होती, खाली बसायची होती. आणि मुकादम ठणठण करत आला. लंगडत होता. पिसांत तोंड घातलं, हुंगलं, एक पीस नाकाला चिकटलं तर शिंकला.

घड्याळजींनी पायरीवरून बघितलं. कुंपण ओलांडून आले. हातात दाराचा अडसर.

एक. घंटा वाजली.

दोन. घंटा वाजली.

तिसऱ्याला वाजली नाही. तरी मारतच होते. चार, पाच. लिंबाच्या बुंध्यावर उडालं. माझ्या पायावर उडालं. एरवी कुणाच्याही बोलण्यात तोंड घालणारी मी — जागची हलले नाही.

मग अडसर टाकला आणि तिथेच पिसांत बसले. "झालं," म्हणाले. "आता पाहुणे खुशाल खाऊ देत." त्याला मांडीवर घेतलं. घंटा सोडवत होते. जन्मभर केसाएवढे स्क्रू फिरवलेली बोटं, पण बकल निघेना.

१७ मार्च

आले नाहीत.

१८ मार्च

आले नाहीत. टोपीवाले गेले पुढे आपल्या मुलखाला. एकच मागे राहिलाय. खणात बसतो, खात नाही.

सुनेनं लिंबाचा बुंधा धुतला.

२० मार्च

सकाळी लिंबाखाली रिंगण. पिवळी पिसं. मागे राहिलेला तोच.

सून बघत उभी राहिली. "आई, बोका तर मेला. मग हे कुणी केलं?"

शिक्रा. पहिल्याच दिवशी बघितला होता मी, माझ्या डोळ्यांदेखत वरून टोपीवाल्यावर झडप घातलेली. मांजर पिसं उपटत बसत नाही. रिंगण शिक्र्याचं, आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. अडसर वर होता तेव्हासुद्धा तो समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसून खात होता, आणि मला दिसत होता.

सांगितलं असतं तर घड्याळजी कुंपणाशी आलेच नसते.